परतीची वाट मोकळी असताना

घरातला मुलगा दूर परगावी निघाला की आपल्याकडे त्याच्या हातावर दही घालतात. त्याला "जातो" म्हणू देत नाहीत, "येतो" म्हणायला लावतात. शब्द साधाच, पण घराची सारी धाकधूक त्यात साठवलेली असते. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, यात्रेसाठी निघालेल्याच्या तोंडी तो सहज शोभतो. परंतु जेथे आकाशातून बॉम्ब पडत आहेत, गावेच्या गावे ओस पडत आहेत, अशा परमुलखाकडे एखादा आपण होऊन निघाला, तर त्याने "येतो" कोणत्या भरवशावर म्हणावे? आणि घरच्यांनी तरी ते कोणत्या भरवशावर ऐकावे?

लढाईवर माणसे पाठविणे महाराष्ट्राला नवे नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढल्या. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष तिकडेच राहिले. पण ते गेले ते सरकारी हुकमाने. त्यांच्या घरांना दुःख होते, तसे दोष द्यायला निदान सरकार तरी होते. ज्याला कोणाचा हुकूम नाही, ज्याच्या देशाचे ते युद्ध नाही, मागे राहिला तर ज्याला कोणी भ्याड म्हणणार नाही, असा तरुण जेव्हा उठून दुसऱ्याच्या रणांगणाकडे चालू लागतो, तेव्हा प्रश्न निराळा होतो. त्याला आपण वीर म्हणावे, की घराचा विचार न करणारा हूड म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर तात्त्विक चर्चेत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलेले बरे. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत आपल्या मराठी मुलखातली काही माणसे अशीच गेली. एक स्पेनला गेला, दोघे चीनला गेले. त्यांपैकी एक परतला नाही.

तो काळ जरा डोळ्यांपुढे आणावा लागेल. १९३६ च्या जुलैत स्पेनमधल्या लोकनियुक्त सरकाराविरुद्ध सेनाधिकाऱ्यांनी बंड केले. जनरल फ्रँको हा पुढे त्या बंडाचा सूत्रधार झाला. हिटलरने आणि मुसोलिनीने त्याला विमाने, तोफा, माणसे पुरविली. इंग्लंड व फ्रान्स 'आम्ही मध्ये पडणार नाही' असे म्हणून बाजूला बसले. तेव्हा पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५,००० स्वयंसेवक त्या सरकारच्या बाजूने लढण्यास गेले. त्यांत खाणकामगार होते, विद्यार्थी होते, कवी होते, शिंपी होते. इकडे आशियात ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलाशी गोळीबार झाला आणि जपानने चीनवर उघड आक्रमण केले. त्याच डिसेंबरात नानकिंग पडले, आणि तेथल्या कत्तलीच्या वार्तांनी जगाचे काळीज हलले.

आपण त्या वेळी पारतंत्र्यात होतो. ज्याच्या स्वतःच्या पायांत बेडी आहे त्याने दुसऱ्याच्या घराला लागलेली आग विझवायला कसे धावावे? पण गंमत अशी की, ज्यांच्या पायांत बेडी होती त्यांनाच त्या आगीची आच आधी लागली.

नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे असेच एक. लोक त्यांना बाळाजी हुद्दार म्हणत. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ते पहिले सरकार्यवाह. १९२९ साली त्यांची त्या जागी नेमणूक झाली होती. पुढे बालाघाटच्या एका राजकीय दरोड्याच्या खटल्यात त्यांना तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर वृत्तपत्रव्यवसायाचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनला गेले. तेथे स्पेनची चर्चा चालली होती. १९३७ च्या उत्तरार्धात हे मराठी गृहस्थ 'जॉन स्मिथ' असे नाव घेऊन आंतरराष्ट्रीय पलटणीत दाखल झाले. ब्रिटिश सरकारने स्पेनमधल्या लढाईत आपल्या प्रजाजनांनी भरती होणे गुन्हा ठरविले होते, त्यामुळे खरे नाव लावण्याची सोय नव्हती. १९३८ च्या एप्रिलात गांदेसाजवळ फ्रँकोच्या फौजेने त्यांना पकडले. सान पेद्रो दे कार्देन्या येथील जुन्या मठात केलेल्या बंदिवासात काही महिने काढून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ते सुटले, लंडनला आले आणि मग मायदेशी परतले. परत आलेले हुद्दार जाताना होते तेच राहिले नव्हते. त्यांची राजकीय श्रद्धा बदलली होती, आणि १९४० साली त्यांनी कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली. १९८१ साली ते वारले.

हुद्दारांचे जाणे धाडसाचे खरेच. पण त्या धाडसात एक गोष्ट लक्षात येते. खोटे नाव घेऊन गेलेला माणूस स्पेनच्या मातीत पडला असता, तर नागपूरला तार कोणाच्या नावाने येणार होती? रणांगणावर मेलेल्या 'जॉन स्मिथ'साठी नागपुरात कोणी सुतक धरले नसते. असे जाणे घराला हिशेबात धरतच नाही. ज्या तत्त्वासाठी तो जातो ते कितीही मोठे असो, मागच्या माणसांना त्याने निरोपाचा हक्कही दिलेला नसतो.

चीनकडे जी मंडळी गेली त्यांचे तसे नव्हते. ती बोलावण्यावरून गेली, उघड गेली, आणि हातात विद्या घेऊन गेली.

१९३७ च्या नोव्हेंबरात चिनी आठव्या सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहिले. तुम्ही डॉक्टर व औषधे पाठवा, असा त्याचा आशय होता. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, जुलैत 'चीन दिन' पाळला गेला आणि लोकांनी सुमारे २२,००० रुपये जमवून दिले. रुपयाला त्या वेळी जी किंमत होती ती पाहता, आणि देणारे स्वतःच कंगाल होते हे ध्यानात घेता, ही रक्कम लहान नव्हे.

पाच डॉक्टर निवडले गेले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. ते नुकतेच स्पेनच्या युद्धात जखमींची शुश्रूषा करून आलेले, म्हणजे एका आगीतून निघून दुसऱ्या आगीकडे चाललेले. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू, यांपैकी बसूंची निवड ऐनवेळी झाली, कारण आधी निवडलेल्या एका बंगाली डॉक्टरला सरकारने पारपत्र नाकारले. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. म्हणजे निघताना वय सत्तावीस, अठ्ठाविसावे पुरे व्हायला महिनाभर अवकाश. वडील सोलापूरच्या गिरणीत नोकरीला, घरी भावाबहिणींचे मोठे खटले. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या कॉलेजातून, त्यांनी पदवी घेतली होती आणि पुढल्या शिक्षणाची तयारी चालली होती. मध्यमवर्गीय मराठी घरात डॉक्टर झालेला मुलगा म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको. त्याच्यावर बहिणींची लग्ने, भावांची शिक्षणे आणि वडिलांचे म्हातारपण अशी सगळी दिवाळी उभी असते.

जग हिंडावे, देशोदेशी वैद्यकी करावी अशी त्यांना पहिल्यापासून हौस होती, असे त्यांच्या भगिनी मनोरमाबाईंनी पुष्कळ वर्षांनी सांगितले. चीनबद्दल घरात कोणाला फारशी माहिती नव्हती. चिनी रेशीम विकायला दारावर येणारी माणसे, एवढीच काय ती ओळख. मुलगा इतक्या लांब आणि तोही लढाईच्या मुलखात चालला म्हणून आई फार कष्टी झाली. तरी घराने अडविले नाही.

हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. आपण थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यांच्या मनातली तरुणपणाची हौस पुसून टाकतो आणि तेथे पहिल्या दिवसापासूनचा त्याग लिहितो. कोटणीस निघाले तेव्हा त्यांच्या मनात सेवा होती, तशी जग पाहण्याची ओढही होती. सत्ताविसाव्या वर्षी ती असू नये काय? नुसत्या ओढीने माणूस बंदरापर्यंत जातो. पुढचे काम तिच्याने होत नाही, एवढेच.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने ही मंडळी मुंबईहून निघाली. बरोबर एक रुग्णवाहिका आणि औषधांची व हत्यारांची खोकी होती. सप्टेंबरच्या मध्यावर ती कँटनला पोचली तेव्हा डॉ. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. महिना उलटतो न उलटतो तोच, २१ ऑक्टोबरला, कँटन जपान्यांनी घेतले. २५ ला हँकौ पडले. पथक हँकौ येथे काम करीत होते, तेथून इचांगला, तेथून चुंगकिंगला हटले. ज्या शहरात आज रुग्णालय लावावे ते उद्या शत्रूच्या हाती जावे, असा तो प्रकार.

चुंगकिंगला पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले होते. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दी-हुआ'. हुद्दारांनी घेतलेले नाव लपण्यासाठी होते. हे नाव लोकांनी आपलेपणाने दिलेले होते.

आणि तेथेच पहिली परतीची वाट उघडली. चुंगकिंगला असताना सोलापूरहून बातमी आली की वडील वारले. सहकाऱ्यांनी सांगितले, तुम्ही घरी जा, कोणी तुम्हाला नावे ठेवणार नाही. खरोखरच कोणी ठेवली नसती. आपल्याकडे बापाच्या क्रियाकर्मासाठी परतणे हा दोष नाही, कर्तव्य आहे. शिवाय पथक अजून आघाडीवर पोचलेही नव्हते. कोटणिसांनी जायचे नाकारले आणि १९३९ च्या जानेवारीत ते इतरांबरोबर उत्तरेकडे निघाले.

त्यांनी बरोबर केले काय? सोलापूरच्या त्या घरातल्या आईच्या बाजूने पाहिले, तर हा प्रश्न आजही टोचल्याशिवाय राहत नाही. तिचा नवरा गेला होता, आणि शिकलेला मुलगा हजारो मैलांवर आणखी पुढे चालला होता. इतिहासकार मुलाबरोबर पुढे जातो. त्या आईच्या उरलेल्या वर्षांबद्दल ग्रंथांत फारसे सापडत नाही. पण परोपकाराची किंमत नेहमीच एकटा परोपकारी भरत नसतो. त्यातला मोठा हप्ता घर भरते, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोचले. पिवळ्या मातीचे उघडेबोडके डोंगर, त्यांत कोरलेल्या गुहा, आणि त्या गुहांतच घरे, शाळा व रुग्णालये. माओ त्से-तुंग यांनी त्यांचे स्वागत केले. आठव्या सेनेच्या रुग्णालयात काम सुरू झाले. त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी स्वदेशी परतले. एकांचे वय झाले होते, दुसऱ्यांची प्रकृती बिघडली होती. १९४० साली अटलही आजारामुळे परतले.

या तिघांविषयी बोलताना आपला सूर खाली येतो, हे बरोबर नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने संसार सोडून त्या गुहांत जावे आणि शरीर थकेपर्यंत राबावे, हेच केवढे! युद्धभूमीवर जो आजारी डॉक्टर हट्टाने राहतो तो कधी कधी जखमींच्या ताटातली औषधे आणि माणसे आपल्याकडे ओढून घेतो. वेळीच परतणे हेही एक शहाणपण आहे, आणि कित्येकदा ती सेवाच असते. मेलेला तेवढा थोर आणि परतलेला उणा असा हिशेब जे तरुणांच्या मनात भरवितात, ते त्यांचे हितकर्ते नव्हेत.

अटल, बसू आणि कोटणीस या तिघांनी १९३९ च्या अखेरीस जपानी फळ्यांच्या पलीकडला डोंगराळ प्रदेश गाठायचे ठरविले होते. तेथे डॉ. नॉर्मन बेथून नावाचा कॅनडाचा शस्त्रवैद्य काम करीत असे. तोही स्पेनमधून आलेला. रणांगणावर रक्त पोचविण्याची फिरती व्यवस्था त्याने स्पेनमध्ये बसविली होती. चीनमध्ये त्याने एका खेचराच्या पाठीवर मावेल असा दवाखाना तयार केला होता. पाठीवरचे खोगीर उतरविले की शस्त्रक्रियेची सामग्री हाताशी. ज्या मार्को पोलो पुलापाशी युद्ध सुरू झाले, त्या पुलाच्या चिनी नावावरून त्या खोगिराला नाव दिले होते. परंतु हिंदी डॉक्टरांची आणि त्याची भेट व्हायची नव्हती. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून मरण पावला. रबरी हातमोजेसुद्धा जेथे मिळत नाहीत तेथे शस्त्रवैद्याचे मरण सुरीच्या टोकावरच बसलेले असते.

अटल परतल्यावर उरले दोघे. १९४० च्या उत्तरार्धात आठव्या सेनेने जपानी रेल्वे व चौक्यांवर मोठी चढाई केली. 'शंभर पलटणींची मोहीम' असे तिचे नाव. त्या धुमश्चक्रीत तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी या हिंदी डॉक्टरांच्या हाताखालून गेले. एकदा तर कोटणीस लागोपाठ बहात्तर तास शस्त्रक्रिया करीत होते. त्यानंतर बसूंना येनानला परत बोलावण्यात आले आणि कोटणीस एकटे मागे राहिले. ही दुसरी वाट. तेही बसूंबरोबर तुलनेने सुरक्षित अशा येनानला जाऊ शकले असते. त्याऐवजी १९४१ च्या जानेवारीत त्यांनी होपेइ प्रांतातल्या डोंगरांत, बेथूनच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या संचालकाची जागा स्वीकारली.

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. येथे इमारत नव्हती. शेतकऱ्यांची घरे हेच कक्ष, मातीचा उंच ओटा हीच खाट. जपान्यांनी मुलूख चारी बाजूंनी कोंडल्यामुळे औषधे येण्याचा मार्ग नव्हता. शत्रूची मोहीम आली की रोगी, खाटल्या, हत्यारे सगळे उचलून डोंगरात जायचे आणि ती सरली की परत उतरायचे. जपानी फौजेचे त्या भागातले धोरण चिनी लोक तीन शब्दांत सांगत: सारे मारा, सारे जाळा, सारे लुटा.

अशा ठिकाणी कोटणिसांनी जे केले त्यातला सर्वांत टिकाऊ भाग शस्त्रक्रियेचा नसून शिकविण्याचा आहे, असे मला वाटते. ते चिनी भाषा बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकले. शेतकऱ्यांच्या पोरांना ते तिच्यातूनच वैद्यकी शिकवीत. त्यांच्यासाठी त्यांनी शस्त्रवैद्यकाचे एक पुस्तक लिहिले आणि दुसरे सुरू केले. जो केवळ साहसासाठी जातो तो असल्या कामाला बसत नाही. दुसऱ्याच्या भाषेची बाराखडी गिरवायला तोफेपुढे उभे राहण्यापेक्षा निराळी छाती लागते.

त्यांच्या सावळ्या रंगावरून आणि मायेवरून तेथले जखमी सैनिक त्यांना 'काळी आई' म्हणत, असे चिनी कथनांत येते. त्यांना ठाऊक नव्हते की या मराठी माणसाच्या भाषेत 'काळी आई' म्हणजे धान्य देणारी जमीन. सोलापूरच्या काळ्या रानातून आलेल्या माणसाला याहून नेमके नाव कोणी दिले नसते.

रुग्णालयाच्या परिचारिका-वर्गाला शिकविणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्या विभागाचे सेनापती न्ये रुंग-चेन यांनी त्याचे नाव सुचविले 'इन्-हुआ'. 'इन्' म्हणजे हिंदुस्थान, 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

दरम्यान शरीर थकत चालले होते. फेपऱ्याचे झटके येऊ लागले होते. वरिष्ठांनी सांगितले, हे ठिकाण सोडा, उपचारासाठी बाहेर जा. ही तिसरी वाट, आणि खरे तर सर्वांत रास्त. रुग्ण डॉक्टरने रुग्णालय सोडावे यात लाज कसली? तेही त्यांनी मानले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांमागून झटके येऊन ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

येथे मन थबकते. जी वाट तीन वेळा उघडली ती तिसऱ्या वेळी त्यांनी धरायला हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही. आजारी अटल परतले आणि जगले, येनानला गेलेले बसूही १९४३ साली सुखरूप परतले. कोटणीस परतते तर कदाचित सोलापूरला दवाखाना काढते, आणि ते अर्धे पुस्तक पुरे होते. त्यांच्या मरणाची थोरवी गाताना हे विसरू नये. पण त्यांच्यापुढे त्या वेळी काय होते तेही पाहावे. एक रुग्णालय, शिकत असलेली पोरे, तान्ह्या मुलासह बायको, आणि दर मोहिमेला डोंगरावरून उतरवून आणलेले जखमी. ज्याला आपण परकी रणभूमी म्हणतो ती त्यांच्यापुरती परकी राहिली नव्हती. तेथे त्यांचे घर झाले होते, आणि घरी असलेल्या माणसाला तुम्ही परतीची वाट कोणती दाखविणार?

त्यांच्या मृत्यूनंतर माओंनी शोकसंदेश लिहिला. सेनेचा एक आधाराचा हात गेला आणि राष्ट्राचा एक मित्र गेला, असा त्याचा भाव होता. इकडे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला. शांतारामबापू स्वतःच कोटणीस झाले आणि जयश्रीबाई झाल्या चिंग-लान. त्या बोलपटामुळे घरोघर हे नाव पोचले.

पुढे १९६२ आले. ज्या देशासाठी सोलापूरचा मुलगा मेला त्या देशाचे सैन्य आपल्या हद्दीत उतरले. तेव्हा कित्येकांच्या मनात आले असेल की, यासाठीच का तो गेला होता? हा प्रश्न टाळू नये, कारण परमुलखाच्या युद्धात उडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळी तो लिहिलेला असतो. ज्या पक्षासाठी आपण जीव दिला तो पुढे कसा वागेल, याची हमी कोणालाच मिळत नाही. हुद्दार ज्या प्रजासत्ताकासाठी लढले ते १९३९ साली साफ बुडाले आणि फ्रँको १९७५ पर्यंत राज्य करीत राहिला. राज्यांवर आणि ध्वजांवर लावलेली माणसाची पुंजी अशी बुडू शकते. परंतु ज्या जखमी पोराच्या मांडीतली गोळी कोटणिसांनी काढली, तो पोरगा चालत घरी गेला. ती पुंजी १९६२ ला बुडाली नाही, आणि पुढेही बुडायची नाही.

चिंग-लान यांनी भारताशी नाते तोडले नाही. त्या अनेकदा इकडे आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ साली शहाण्णव वर्षांच्या होऊन वारल्या. इन्-हुआ बापाच्या वाटेने वैद्यकी शिकत होता. १९६७ साली, पंचविशीच्या आतच, तो गेला. सोलापूरच्या त्या आईला जे भोगावे लागले ते असे आणखी एका आईच्या वाट्याला आले. चीनचे नेते मुंबईला आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याचा प्रघात पुढे पडला. २००६ साली राष्ट्राध्यक्ष हु जिंताव यांनीही तो पाळला.

आजही तरुण मुले युद्धाच्या मुलखांकडे निघतात. २०२२ साली युक्रेनमध्ये लढाई पेटली तेव्हा देशोदेशींचे स्वयंसेवक तिकडे धावले. कोणी जखमींना उचलायला गेले, कोणी बंदूक घ्यायला. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेलेले काही भारतीय तरुण रशियाच्या सैन्यात अडकले, आणि त्यांना सोडविण्याचा प्रश्न २०२४ साली भारत सरकारला थेट मॉस्कोत काढावा लागला. कोणी तत्त्वाने जातो, कोणी पोटासाठी, कोणी केवळ छायाचित्र काढून मिरवायला. सगळ्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

घरात असा विचार बोलून दाखविणारा मुलगा किंवा मुलगी निघाली, तर नुसते "नको" म्हणून भागत नाही; तरुण रक्त 'नको'ला भीत नाही. त्याला विचारावे, की तुला तिकडून कोणी बोलावले आहे काय, आणि गेल्यावर तुझ्या हातून होण्यासारखे असे काय आहे, जे तेथल्या माणसाला येत नाही? कोटणिसांपाशी दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती. चू तेह यांचे पत्र होते आणि हातात सुरी धरण्याची विद्या होती. तिसरा प्रश्न मात्र निघताना कोणालाच विचारता येत नाही, कारण त्याचे उत्तर तेथे गेल्यावरच मिळते: गंमत संपल्यावर, नवेपण विटल्यावर, परतीची वाट मोकळी असताना, तू कशासाठी थांबशील?

उत्तर चीनमधल्या शिज्याच्वांग शहरात आजही दिसते. तेथे हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथूनच्या शेजारी, कोटणिसांची समाधी आहे. आणि त्याच शहरात त्यांच्या नावाची एक वैद्यकीय शाळा आहे. तिच्यात शिकून बाहेर पडणारी मुले त्यांच्या पुतळ्यापुढे उभी राहून रोग्याच्या सेवेची शपथ घेतात. सोलापूरच्या डॉक्टरने अर्धे टाकलेले पुस्तक ती मुले दुसऱ्या कोणाच्या पुस्तकातून पुरे शिकतात, आणि कामाला लागतात.